उजव्या हाताच्या सात खुंट्या

"आमच्या ह्यांच्या खुर्चीला डाव्या हातावर चार भोकं पाडून परत बुजवलेली आहेत," विमल माळी म्हणाल्या. "ती कशासाठी?"

माळीबाई तासगावच्या. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच होता. फोनबिन न करता सकाळची इलेक्ट्रिक बस पकडून त्या थेट कुपवाडच्या कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

उल्का सुतारला हा प्रश्न नवा नव्हता. उत्तर तर तोंडपाठ होतं. "पुढे लागलेच तर जादा भाग बसवायची सोय आहे, बाई. मूठ, कठडा, काय लागेल ते. भोकं आधी पाडून ठेवली की नंतर लाकूड चिरत नाही."

"पुढे म्हणजे कधी?"

"तसं काही ठरलेलं नसतं."

"आणि डावीकडेच का? उजवीकडे का नाही?"

आता आली का पंचाईत! उल्काने समोरचा चहाचा कप उगीच इकडचा तिकडे केला. थोडा चहा बशीत सांडला. "नकाशा कॉम्प्युटर काढतो, बाई. प्रत्येकाचा वेगळा निघतो."

गृहपाठ दुसऱ्याचा उतरवून आणलेल्या मुलाकडे बघावं तसं माळीबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. आणखी एक प्रश्न विचारला असता तर उल्काला सरळ खोटं बोलावं लागलं असतं. आतापर्यंत तिचं खरं न सांगण्यावर भागत होतं. त्या गेल्यावर मात्र तिला दिवसभर कामात चैन पडलं नाही.

कारखाना मूळचा तिच्या वडिलांचा. भार्गव सुतार, सगळं कुपवाड त्यांना अण्णा म्हणायचं. चाळीस वर्षं त्यांनी सागवानी खुर्च्या, पलंग, देवघरं केली आणि नाव कमावलं. मग मोठमोठ्या कारखान्यांचा तयार माल दारोदार यायला लागला. एका साच्यातून एकसारख्या दहा हजार खुर्च्या काढणारे ते लोक. त्यांच्यापुढे बावीस माणसांच्या भार्गव फर्निचरचा काय टिकाव लागणार? किमतीत त्यांना गाठणं या जन्मात शक्य नव्हतं. कारखाना उल्काच्या हातात आला तेव्हा निम्मी यंत्रं कापडाखाली झाकलेली होती.

उल्का म्हणाली, ते दहा हजार एकसारख्या करतात ना? मग आपण एकीसारखी दुसरी करायचीच नाही.

आणि ते जमण्यासारखंही होतं. पूर्वी साचा लावण्यातच अर्धा दिवस जायचा, म्हणून एकदा लावला की हजार नग काढल्याशिवाय परवडायचं नाही. कॉम्प्युटरच्या नकाशावरून लाकूड कापणाऱ्या नव्या राउटर मशीनला साचाच लागत नव्हता. तिला एक खुर्ची कापली काय आणि हजार कापल्या काय, सारखंच. गिऱ्हाइकाच्या मापाची खुर्ची म्हणून दोन वर्षं भार्गव फर्निचरची चांगली चलती झाली. पण मोठे कारखाने काय झोपा काढत होते? तेही फोनच्या कॅमेऱ्याने माप घेऊन मापाची खुर्ची पाठवायला लागले. उल्का पुन्हा होती तिथे आली.

तेव्हा तिला अभिनंदन मगदूम भेटला. सांगलीचाच, म्हाताऱ्या माणसांच्या हालचालींवर वर्षानुवर्षं काम केलेला इंजिनिअर. बोलायला फटकळ, पण डोकं तल्लख. तो म्हणाला, "माप सगळेच घेतात, उल्का. पण आजचं. माणूस खुर्ची घेतो दहा वर्षांसाठी. दहा वर्षांनी तो माणूस तोच असतो का?"

त्यातून 'चाहूल' उभी राहिली. बघायला गेलं तर काहीच नाही, उशीच्या अभ्र्याएवढा एक सुती पट. विणतानाच त्यात कार्बनचे बारीक धागे घातलेले. दाब पडला की धाग्यातून जाणारी वीज किंचित कमीजास्त होते, आणि पट ते सेकंदाला दोनशे वेळा टिपून ठेवतो. गिऱ्हाइकाने रोज जिथे बसतो तिथे गादीखाली तो एकवीस दिवस ठेवायचा, बस्स. आपल्याला वाटतं आपण स्वस्थ बसलोय. पण स्वस्थ कुणीच बसत नाही. दर पाच-सात मिनिटांनी माणूस वजन या अंगावरून त्या अंगावर टाकतो. उठताना कुठला हात आधी टेकतो, वस्तू घ्यायला वाकताना किती रेंगाळतो, श्वासाबरोबर पाठ किती हलते, हे ज्याचं त्याचं असतं.

पंधरा-पंधरा वर्षं नोंदी ठेवलेल्या हजारो माणसांचं बसणं अभिनंदनने 'चाहूल'ला शिकवलं होतं. कुणाचं बसणं आधी कसं होतं आणि पुढे कसं होत गेलं, एवढंच. रोगांची नावं तिला माहीतच नव्हती. ती फक्त खुर्ची सांगायची. आज बैठक अमुक उंचीची. तिसऱ्या वर्षी दोन बोटं वर घ्यायची. चौथ्या वर्षी डाव्या हाताला मूठ लावायची. त्या भागांसाठी लागणारी भोकं आजच पाडायची आणि लाकडी खुंट्या ठोकून बुजवून टाकायची. वेळ आली की खुंटी काढायची आणि भाग बसवायचा.

तीनशे चाळीस खुर्च्या गेल्या आणि एकही परत आली नाही. मोठ्या कारखान्यांना हे जमेना, त्याला आणखीही एक कारण होतं. मशीनमधून निघालेल्या खुर्चीच्या हातांवर शेवटी अण्णा स्वतः छोटा रंधा फिरवायचे, गिऱ्हाइकाच्या तळव्याचा ठसा समोर ठेवून. त्यावर हात ठेवला की लोकांच्या तोंडून आपसूक "अहाहा" निघायचं. मग बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. ही घरची जुनी रीत. आधी अण्णा लिहायचे, आता उल्का लिहायची.

आणि खुंट्यांचा अर्थ? तो कुणाला सांगायचा नाही, हे उल्का आणि अभिनंदनने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आपण डॉक्टर नाही, फर्निचरवाले आहोत. कुणी विचारलंच तर 'सोय' म्हणायचं आणि विषय बदलायचा.

माळीबाई येऊन गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी उल्का एक कोरा पट घेऊन अण्णांकडे गेली. त्यांना श्रावणात पंचाहत्तर पूर्ण होणार होती. अण्णा नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले होते, खुर्चीचा एक हात दोन्ही पायांच्या पंजांत धरून त्यावर रंधा मारत. खुर्च्या करण्यात जन्म गेला, पण ते कामाला कधी खुर्चीवर बसले नाहीत. दाराजवळ त्यांची एक जुनी आरामखुर्ची होती; दुपारी पेपर वाचताना तेवढी टेकायचे.

"अण्णा, हा तुमच्या खुर्चीत एकवीस दिवस ठेवायचाय. वाढदिवसाला तुमची खुर्ची."

"मला कशाला? तू तुझी बघ आधी. चाक तुटलंय, सुतळी बांधून दिवसभर बसतीस त्यावर. फर्निचरवाल्याची लेक ना तू? काय म्हणतील लोक!"

"माझं बघू नंतर. आधी तुमची."

अण्णांनी पट हातात घेतला, कापड दोन बोटांत चोळून बघितलं. "बरं, ठेवतो मी," म्हणाले. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "आणि नावं जरा मोठी लिहीत जा गं. कालच्या खुर्चीखाली बघितलं, मुंगीची पावलं. एवढं बारीक कशाला?"

"घाईत असते हो अण्णा," ती म्हणाली आणि पळाली. ऑफिसात शिरून तिने सुतळीची खुर्ची ओढली. कोपऱ्यात तिचं लहानपणचं शिसवी स्टूल होतं. विजेचा रंधा पहिल्यांदा घरात आला त्या दिवशी अण्णांनी तिच्यासाठी केलेलं. त्यावर आता फायलींचा ढीग होता.

एकवीस दिवस झाल्यावर पट अण्णांनीच आणून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी अभिनंदनने तिला पडद्यासमोर बोलावलं.

"अण्णा दिवसाला साडेनऊ तास बसतात?"

"छे! ते कुठले बसतात? सारखे कामात असतात."

"पट म्हणतोय साडेनऊ. वजन सत्तावन्न किलो. अण्णाच ना?"

"सत्तावन्नच आहेत ते," उल्का म्हणाली. तिला ते पाठ होतं, कारण तिचंही तेवढंच होतं. बापलेकीची चणच एक. लांब तंगड्या, अरुंद खांदे. पाठमोरी उभी असली की जुने कामगार तिलाच अण्णा म्हणून हाक मारायचे. पण साडेनऊ तास? म्हणजे आपल्या नजरेआड हा माणूस थकून बसून राहतो की काय?

"नकाशा बघ," अभिनंदन म्हणाला.

खुर्ची सुंदर होती. डावा हात कोराकरकरीत. उजव्या हातावर मात्र एक, दोन, तीन... सात भोकं. पहिली खुंटी दोन वर्षांनी काढायची. उठायला मदत करणारी तरफ त्याच वर्षी उजवीकडून डावीकडे न्यायची. मग मनगटाच्या पट्ट्याच्या दोन. कप सांडू नये म्हणून कडं. तीनशे चाळीस नकाशांत उल्काने असल्या जोडण्या बघितल्या होत्या आणि पुढच्या कामाला लागली होती. आज पहिल्यांदा तिला त्या खुर्चीत बसलेला माणूस दिसला.

"सात कधी आली नव्हती," ती म्हणाली.

"नाही आली. मी डॉक्टर नाही, पण... कंपवातासारखं काहीतरी. उजवा हात." अभिनंदनने चष्मा काढून पुसला. "सांगणार त्यांना?"

"नाही."

"आपला नियम म्हणून?"

"गप्प बस, अभि."

त्या दिवसापासून उल्काच्या जिवाला थारा राहिला नाही. अण्णा जेवायला बसले की तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर. भाकरीचा तुकडा ताटाबाहेर पडला, की हिचा घास हातातच राहिला. पाणी पिताना ते थांबले, की ही अर्धी उठलीच. "काय झालं?" "ठसका लागला गं, काय व्हायचंय!" बघावं ते लक्षण दिसायला लागलं. अण्णा रंधा घेऊन बसले की तिला त्यांच्या पायाच्या पंजाशेजारचं ते धारदार पातं दिसायचं, आणि हात सटकला तर, या एकाच विचाराने ती ऑफिसातून चार-चार चकरा मारायची.

मग तिने काय करावं? आधी त्यांना मशीनजवळ जायला बंदी केली. पंधरा दिवसांनी खुर्चीचे हात घासायला पुण्याहून एक यंत्र मागवलं. आणि एका सोमवारी अण्णांचे रंधे, पटाश्या, कानशी, सगळी हत्यारं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. ते कुलूपही मेलं एवढं ताठर, किल्ली फिरवताना तिचा हात तीनदा घसरला.

"विम्याचा नवा नियम आलाय, अण्णा. सत्तरीच्या पुढच्यांनी धारेची हत्यारं चालवायची नाहीत."

"कुठला विमेवाला? बोलव त्याला इथं."

"नियम म्हणजे नियम. मी काय करू?"

अण्णा रिकाम्या फळीकडे बघत उभे राहिले. हत्यारांच्या जागा फळीवर काळ्या पडलेल्या होत्या. कुठे काय असायचं ते नसतानाही दिसत होतं. "विम्याचं नाव कशाला घेतीस?" ते म्हणाले. "सरळ सांग की, अण्णा, तुम्ही म्हातारे झाला. मी काय भांडणार हाय तुझ्याशी?"

ते कारखान्यामागच्या घरात गेले ते परत कारखान्यात आलेच नाहीत. घरात दोघंच. उल्काची आई जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत बापलेकीत गप्पांना कधी खळ नव्हता. आता "जेवलीस का" आणि "हो". मे गेला, जून गेला. उल्काला वाटायचं, सांगून टाकावं एकदाचं. पण सांगायचं काय? की दोन वर्षांनी तुमचा हात तुमचा राहणार नाही? ज्या हातावर त्यांनी जन्म काढला तो? तोंडापर्यंत आलेले शब्द ती पुन्हा गिळायची आणि कामगारांवर डाफरायची.

जुलैत अभिनंदन दोन तक्रारी घेऊन आला. "तीन खुर्च्या परत आल्या. लोक म्हणतात, बाकी सगळं ठीक आहे, पण हातावर हात ठेवला की परका लागतो. यंत्राला तो गोलवा येत नाही, उल्का. असंच चाललं तर आपल्यात आणि मोठ्या कारखान्यांत फरक काय राहिला?"

"दुसरी?"

"खालचं नाव वाचता येत नाही म्हणे. भिंग लावावं लागतं." तो जरा हसला. "पेन्सिल बदल की."

"बदलते," ती खेकसली.

दुसऱ्याच आठवड्यात माळीबाई आल्या. या वेळी उल्काने त्यांना लांबूनच ओळखलं आणि पळून जावंसं वाटलं.

"तुमचा माणूस पाठवा तासगावला," बाई म्हणाल्या. "पहिली खुंटी काढून मूठ बसवायचीय. डावीकडची. हे महिनाभरापासून डावा पाय ओढतात. उठताना डावीकडे झुकतात, धरायला काही लागतं."

उल्काने मान खाली घातली. "उद्याच पाठवते."

"तुम्हाला माहीत होतं." आवाज चढलेला नव्हता. "मी जानेवारीत इथेच उभी राहून विचारलं होतं, डावीकडेच का. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"बाई, आम्ही डॉक्टर नाही..."

"मी औषध मागायला आले नव्हते, उल्काताई. ह्यांना रायगड पायी चढायचा होता. पायीच, रोपवेने नाही. लग्न झाल्यापासून म्हणतायत, पुढच्या वर्षी जाऊ. तुम्ही जानेवारीत सांगितलं असतं तर फेब्रुवारीत मी ह्यांना ओढत नेलं असतं." बाईंनी पर्सची साखळी ओढून बंद केली. "खुर्ची उत्तम झालीय. खुर्चीबद्दल माझी तक्रार नाही."

त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत उल्का बघत राहिली. मग कुणाशी काही न बोलता मागच्या घराकडे निघाली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. अण्णांचाही कुठला तरी रायगड असेल. तिने तर त्यांच्याकडे उरलेल्या दोन वर्षांतले तीन महिने कपाटात कोंडून ठेवले होते.

अण्णा मागच्या पडवीत जमिनीवर बसले होते. रंधा नाही, पटाशी नाही. भाजी चिरायची सुरी घेऊन ते आंब्याच्या ढलपीचा चमचा कोरत होते. लाकडाची साल सुरीखालून कागदासारखी पातळ, अखंड निघत होती.

"अण्णा, मला बोलायचंय."

"बोल की. विमेवाला आला काय?"

"विम्याचं खोटं होतं." तिने हातातला नकाशाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, खुंट्यांचा अर्थ, माळीबाई, सात भोकं, दोन वर्षं. "तुमचा उजवा हात जाणार आहे, अण्णा. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. भीती वाटली मला. तुमच्या हातून रंधा सुटलेला मला बघवला नसता." आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

अण्णांनी सुरी खाली ठेवली. उजवा हात तिच्या तोंडासमोर आडवा धरला आणि तळहातावर तो अर्धा कोरलेला चमचा उभा केला. चमचा उभाच राहिला.

"हा जाणार व्हय?" ते म्हणाले. "कशावरून?"

"पटावरून. एकवीस दिवस तुम्ही..."

"तो पट?" अण्णा हसायलाच लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "अगं खुळे, त्यावर मी कुठं बसलो? तो मी तुझ्या खुर्चीत घातला होता की! त्याच दिवशी, तू जेवायला आलीस तेव्हा. गादीचा अभ्रा उसवला, आत सरकवला आणि टाके घातले. एकवीस दिवसांनी परत उसवला. तुला पत्तासुद्धा न्हाई."

उल्का नाक पुसायची थांबली. "माझ्या खुर्चीत? का?"

"का म्हणजे? आपल्यात नवं हत्यार आलं की पहिला नग घरच्या लेकीचा असतो. माझ्या आज्यानं करवत आणली, तेव्हा आधी आत्याला पाट केला. विजेचा रंधा आला तेव्हा तुझं स्टूल. तू जगाला तीनशे खुर्च्या दिल्यास आणि स्वतः सुतळी बांधून बसलीस. म्हटलं, वाढदिवसाला खुर्ची आली की मी बसणारच न्हाई. म्हणीन, तूच बस, बघ बसती का. अशी फजिती करीन म्हटलं तुझी..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं.

साडेनऊ तास. सत्तावन्न किलो. बशीत सांडणारा चहा, तीनदा घसरलेली किल्ली, मुंगीची पावलं. उल्काच्या डोळ्यांसमोर एकेक येत गेलं. तिने आपला उजवा हात मांडीवर ठेवून बघितला. तो नेहमीसारखाच दिसत होता, थोडी शाई लागलेला.

"माझा आहे तो नकाशा," ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा शोधला. डोक्यावरच होता. कागद जवळ ओढून त्यांनी त्या सातही भोकांवरून बोट फिरवलं, एकेक मोजत. मग परत मोजली. "मी कशाला ठेवला गं तो," ते म्हणाले. "माझ्याच खुर्चीत राहू दिला असता तर..."

"तर मला कळलंच नसतं, अण्णा."

अण्णा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"कपाटाची किल्ली दे."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तिला बोटं आपटायला लावली, पाठमोरी चालायला लावलं, कागदावर एकच ओळ दहा वेळा लिहायला लावली. दहावी ओळ पहिलीच्या निम्मी झाली होती. कंपवाताची सुरुवात, असं ते म्हणाले. बरा होत नाही, पण औषधं आहेत, व्यायाम आहेत. पुष्कळ वर्षं हात कामाचा ठेवता येतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला शंका आली कशी? लोक हात थरथरायला लागल्यावर येतात. तुम्ही दोन वर्षं आधी आलात."

"खुर्ची करायला दिली होती," उल्का म्हणाली.

कारखान्यात परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते मागणीचा अर्ज बदलायचं. त्यात एक ओळ वाढवली: 'खुंट्यांचा अर्थ सांगावा / सांगू नये.' अभिनंदन धास्तावला. "निम्मी गिऱ्हाइकं हे वाचूनच पळतील. मोठे कारखाने टपूनच बसलेत."

"पळू देत. आपण एकेकाची वेगळी खुर्ची करतो म्हणून मिरवतो ना? मग ऐकायचं की नाही, हेही ज्याचं त्याला ठरवू दे." पहिल्या महिन्यात खरंच पुष्कळ लोक पळाले. जे राहिले त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी 'सांगावा' वर खूण केली. कारखाना तगेल की नाही, हे अजून कुणालाच सांगता येत नव्हतं. आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मात्र उल्काने तोच प्रश्न विचारणारं पत्र पाठवलं, आणि माळीबाईंच्या घरी ती स्वतः गेली. बाईंनी तिला आत घेतलं, पण चहा विचारला नाही.

घासायचं यंत्र परत गेलं. अण्णांची फळी भरली. सातभोकी खुर्ची त्यांनी मशीनवर कापू दिली नाही. सागाची फळी निवडण्यापासून सगळं स्वतः केलं, दोन्ही पायांत लाकूड धरून. गिरमिटाने सात भोकं पाडली आणि खुंट्या एवढ्या बेमालूम बसवल्या की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. त्या बसवताना त्यांनी कुणाला जवळ थांबू दिलं नाही. आणि रोज दुपारी पेपर वाचायच्या वेळी ते उल्काला समोर बसवायचे, सुताराची पेन्सिल तिच्या डाव्या हातात द्यायचे.

"ओढ रेघ."

"वाकडी येतीय, अण्णा."

"येऊ दे. तू पहिलीत होतीस तेव्हा उजव्यानं काय सरळ येत होती? परत ओढ."

श्रावणात अण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली त्या सकाळी खुर्ची तयार झाली. आधी कुणीच बसलं नाही. अण्णांनी ती उलटी केली, बैठकीची खालची बाजू वर आणली आणि पेन्सिल पुढे केली. "नाव राहिलंय."

उल्काने सवयीने उजवा हात पुढे केला. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली. 'उ' काढायलाच मिनिट गेलं, 'ल्का' फळीच्या कडेपर्यंत घसरत गेलं. कामगार मान वाकडी करून बघत होते. अक्षरं पार वेडीवाकडी आली, पण चांगली बोटभर उंच होती.

अण्णांनी चष्मा न लावता, दोन हात लांबून वाचून दाखवलं, आणि खुर्ची सरळ करून म्हणाले, "बस."